अपत्यांच्या रकान्यातलं शून्य

माझ्या मावसबहिणीच्या पहिल्या केसपेपरच्या वेळी मी तिच्या शेजारी बसले होते. स्तनातल्या गाठीचा बायोप्सी रिपोर्ट हातात, वय ३१, लग्नाला दोन वर्षं. निवासी डॉक्टर भराभर विचारत होता. पाळी कितव्या वर्षी सुरू झाली, शेवटची कधी आली, अपत्ये किती. ती ‘नाहीत’ म्हणाली. त्याने रकान्यात शून्य लिहिलं आणि घरात आणखी कुणाला कॅन्सर झालाय का, याकडे वळला.

अपत्यांचा प्रश्न का असतो ते मला पुढे कळलं. मूल न झालेल्या बाईला स्तनाच्या कॅन्सरचा धोका थोडा जास्त असतो, म्हणून ती नोंद. म्हणजे तिची कूस विचारात घेतली गेली, पण रोगाच्या इतिहासापुरती. तिला मूल हवंय का, हे लिहायला त्या कागदावर जागाच नव्हती. शस्त्रक्रिया झाली आणि जखम भरल्यावर पहिली केमो लागली. तिच्या औषधांत सायक्लोफॉस्फमाइड होतं. ते कॅन्सरच्या पेशींबरोबर बीजकोशातली बीजंही मारतं. बाई जन्माला येते तीच आपल्या वाट्याची बीजं घेऊन. त्यांत नंतर भर पडत नाही.

शस्त्रक्रिया आणि केमो यांच्यामध्ये जे तीन-चार आठवडे मिळतात, तेवढ्यात बीजं काढून गोठवता येतात. दहा-बारा दिवस इंजेक्शनं घ्यावी लागतात. पूर्वी त्यासाठी पाळीची वाट पाहावी लागे, आता कोणत्याही दिवशी सुरुवात करता येते. कॅन्सर हार्मोनवर पोसणारा असेल तर इस्ट्रोजेन वाढू नये म्हणून लेट्रोझोलच्या गोळ्या जोडीला देतात. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये रेडिएशनच्या आधी बीजकोश वर सरकवून ठेवण्याची शस्त्रक्रिया आहे. प्रजननक्षम वयातल्या रुग्णाशी उपचार सुरू होण्याआधीच याविषयी बोला, असं अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेने २००६ साली लेखी सांगितलं. आमच्याशी कुणी बोललं नाही. आम्हालाही विचारायचं सुचलं नाही, हे मला आजही टोचतं.

तिच्या स्वयंपाकघरात, फ्रिजशेजारी, कालनिर्णय टांगलेलं असायचं. दूधवाल्याच्या खाड्यांच्या खुणांमध्ये तिच्या पाळीच्या तारखेवर पेन्सिलीचा बारीक ठिपका असे. दुसऱ्या केमोनंतर ठिपके थांबले. पान उलटायचं, दुधाचे खाडे दिसायचे, ठिपका नाही. केमो संपून सात महिने झाल्यावर एका पहाटे तिचा फोन आला. घाबरून उचलला, तर एवढंच म्हणाली, “आली गं.” जन्मभर जिची कटकट केली त्या पाळीसाठी ती रडत होती. पाळी परतली म्हणजे बीजं शाबूत आहेत असं नाही, हे तिला पुढच्या तपासणीत कळलं. आणि तिचा कॅन्सर हार्मोनवर पोसणारा, म्हणून हार्मोन रोखणारी गोळी तर किमान पाच वर्षं घ्यायची, ती चालू असताना दिवस राहू द्यायचे नाहीत. म्हणजे सदतिशी उजाडणार.

या काळात तिला सगळ्यात जास्त ऐकू आलेलं वाक्य म्हणजे ‘जीव वाचला ना!’ म्हणणाऱ्यांची माया खरी होती. पण या वाक्यापुढे बाईला बोलताच येत नाही. रडली तर कृतघ्न, गप्प राहिली तर ‘सावरली हो’. माणूस गेलं तर घरात सुतक असतं, दहावं असतं, माणसं भेटायला येतात. जे मूल आलंच नाही, त्याच्यासाठी भेटायला कोण येणार? बारशाचं बोलावणं मात्र येतं, किंवा ‘तिला वाईट वाटेल’ म्हणून मुद्दाम येत नाही. ते जास्त लागतं.

दुसरा सल्ला असतो, दत्तक घ्या. सांगणाऱ्याला माहीत नसतं की दत्तक घेणाऱ्याला जिवावर बेतणारा आजार नसावा, अशी नियमातच अट आहे आणि वैद्यकीय दाखला लागतो. कॅन्सरमधून उठलेल्या बाईला तिथेही आपण जगणार आहोत हे सिद्ध करावं लागतं. लग्न न झालेल्या मुलीची गर्भपिशवी कॅन्सरने गेली, तर २०२१ च्या सरोगसी कायद्यात तिला वाटच नाही. विधवा आणि घटस्फोटितेला आहे, तीही ३५ ते ४५ वयातच. मुलाची इच्छा एकट्या बाईची असू शकते, हे आपल्याला अजून पटलेलं नाही.

कुशीचा निर्णय बाईचा, हेही पटलेलं नाही. नाहीतर बीडमध्ये जे झालं ते झालं नसतं. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांना पिशवीत कॅन्सर होईल म्हणून भीती घातली जायची आणि पिशव्या काढल्या जायच्या. २०१९ मध्ये सरकारने नेमलेल्या समितीसमोर आलेल्या पाहणीत सुमारे ८२ हजार बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. ‘मुलं झालीत ना, आता काय करायचीय?’ असं त्यांना ऐकवलं जायचं. माझ्या बहिणीची कूस रोगाच्या हिशेबात मोजली गेली, त्यांची कामाच्या, पाळीने तोडीत खाडा पडू नये म्हणून. त्या दोन्ही हिशेबांत बाईचं स्वतःचं म्हणणं कुठेच नव्हतं.

डॉक्टरांची बाजू मला कळते. ओपीडीत एकेकीच्या वाट्याला काही मिनिटं येतात, पहिलं काम जीव वाचवण्याचं. बीजं गोठवायला लाखाच्या पुढे खर्च येतो, तो बहुतेकींना स्वतःच करावा लागतो. परगावाहून येऊन धर्मशाळेत राहणाऱ्या बाईला हे कसं सांगायचं, असं त्यांना वाटत असेल. पण तिला परवडणार नाही हे दुसऱ्याने तिच्या वतीने ठरवलं, की तिच्याजवळचा नकारही काढून घेतला जातो. आणि गरोदरपणाने कॅन्सर उलटतो ही भीती तर आता तितकी टिकत नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘पॉझिटिव्ह’ या अभ्यासात हार्मोनवर पोसणारा स्तनाचा कॅन्सर झालेल्या ५१६ जणींनी मुलासाठी गोळ्या काही काळ थांबवल्या. पहिल्या तीन वर्षांत तरी त्यांच्यात कॅन्सर उलटण्याचं प्रमाण इतरांपेक्षा वाढलं नाही. त्यांच्यातल्या निम्म्याहून अधिक जणी आई झाल्या. त्याहून लांबचा हिशेब तेव्हा व्हायचा होता, पण एवढं तरी बाईच्या कानावर घालायला हवं.

बहीण म्हणते, “विचारलं असतं तर तेव्हाच्या भीतीत मी कदाचित नाहीच म्हटलं असतं. पण ते मी म्हटलं असतं.”

मागच्या फॉलो-अपला नवा निवासी डॉक्टर होता. नवा कागद, तेच प्रश्न. अपत्ये? “नाहीत,” ती म्हणाली. त्याने शून्य लिहिलं. ती उठली नाही. “हवी होती,” ती म्हणाली, “तेही लिहा.” त्याने पेन धरून कागद वरून खाली पाहिला, जागा सापडेना. मग समासात, आडवं, बारीक अक्षरात लिहिलं.