हात गिअरवर ठेवून

बसा.

मागचं सरकतं दार अर्धं उघडं राहू द्या. वारा येऊ द्या.

गाडी सपाट जागी उभी आहे. हँडब्रेक ओढलेला आहे, मागच्या चाकाला दगड लावलेला आहे. किल्ली अजून खिशातच आहे.

गल्लीत नळाला पाणी आलंय. कुणाची तरी बादली भरते आहे. भरू द्या ती.

ही जुनी ओम्नी. १९८४ साली 'मारुती व्हॅन' म्हणून आली, नाव मागाहून बदललं, आणि २०१९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. शाळेची मुलं, लग्नातली पातेली, बाजारची मेथी, सगळं तिने वाहिलंय. तीन सिलिंडरचं ७९६ सीसीचं इंजिन पुढच्या सीटखाली आहे. म्हणजे तुम्ही त्याच्यावरच बसला आहात.

बरंय. आज जवळूनच ऐकायचं आहे.

काही दिवस झाले, गिअर नीट पडत नाही. दुसरा टाकताना करकर होते. रिव्हर्स अडतो. 'गिअरबॉक्स उतरवावा लागेल,' असं कुणीतरी म्हणून गेलंय.

ते वाक्य जरा वेळ बाजूला ठेवा.

श्वास घ्या. सोडा.

आता डावा हात गिअरच्या मुठीवर ठेवा. धरू नका. नुसता ठेवा.

मूठ गुळगुळीत आहे. तिच्यावरचे आकडे कधीच पुसले गेलेत. तळहाताला ते लागत नाहीत, तरी ते कुठे आहेत हे तळहाताला माहीत आहे.

दांडा न्यूट्रलमध्ये आहे. हलकेच डावीकडे न्या. उजवीकडे. पुन्हा डावीकडे.

किती सैल आहे? हालचाल कुठे सुरू होते? तुमचा हात हलतो, आणि खाली काही हलायच्या आधी मध्ये एक रिकामी जागा जाते का?

त्या रिकाम्या जागेत थांबा.

दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंतच्या जोडणीत छोटे बुश असतात. ते झिजले की अशी पोकळी होते. हात म्हणतो दुसरा, आणि निरोप पोचेपर्यंत त्याचं काहीतरी भलतंच होतं. बुश काही फार मोठी गोष्ट नाही. पण आत्ता ठरवू नका. लक्षात ठेवा, एवढंच.

डाव्या पायाने क्लच दाबा. सावकाश. पायाखाली पहिलं बोटभर अंतर मोकळं जातं का? मग केबल ताणली जाते. तो ताण पावलाला कळू द्या.

पहिला टाका.

श्वास सोडा.

दुसरा. तिसरा. चौथा. घाई नको. प्रत्येक घर वेगळं लागतं.

एखादा गिअर पडलाच नाही, तर जोर करू नका. इंजिन बंद असताना आत दाताला दात भिडतो कधी कधी. तो दोष नव्हे. क्लच सोडा, पुन्हा दाबा, पुन्हा टाका.

आत्ता, या शांततेत, सगळे गिअर लोण्यासारखे पडताहेत का?

हाताला विचारा. तो सांगेल.

आता किल्ली.

इंजिन सुरू होतं. सीट थरथरते. ती थरथर पाठीत येऊ द्या. दांडा न्यूट्रलमध्ये, पाय क्लचवरून काढलेला.

ऐका.

इंजिनाच्या आवाजाखाली आणखी एक आवाज आहे का? जात्यासारखी घरघर?

क्लच दाबा. घरघर थांबली?

सोडा. परत आली?

मग ती गिअरबॉक्सच्या आत शिरणाऱ्या शाफ्टच्या बेअरिंगची असावी. उलट, क्लच दाबल्यावरच आवाज उठत असेल, तर क्लचचं बेअरिंग तक्रार करतंय. दाबा. सोडा. दाबा. सोडा. कानाला सवय होऊ द्या.

आता क्लच पूर्ण दाबून धरा. काही करू नका. मोजा.

एक.

दोन.

तीन.

चार.

आता रिव्हर्स.

करकर झाली नाही, तर छान. झाली, तर चार मोजूनही आतला शाफ्ट फिरतोच आहे. क्लच दाबूनही इंजिनाने त्याचा हात सोडलेला नाही. मघाशी बंद इंजिनावर गिअर अलगद पडत होते ना? मग नजर आधी क्लचकडे, त्याच्या केबलकडे जाऊ द्या. सैल पडलेल्या केबलपायी उतरवलेले गिअरबॉक्स मी पाहिलेत. वाईट वाटतं.

चाकाचा दगड काढा. हँडब्रेक सोडा. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊ या, फक्त तेवढंच.

पहिला. आणि आता दुसरा.

करकर इथेच होते. इथेच थांबू या, मनाने.

आत एक पितळी रिंग आहे. दोन गोष्टी वेगवेगळ्या गतीने फिरताहेत. रिंग एकीला हलकेच घासते, धरते, दोघींना एका चालीवर आणते. मग दात दातांत बसतात, आवाज न करता. एवढंच तिचं काम. वर्षानुवर्षं, दर सिग्नलला, दर गतिरोधकाला.

ती रिंग डोळ्यांसमोर आणा. बांगडीएवढी. तेलात भिजलेली. आतल्या बारीक खाचा झिजून सपाट होत आलेल्या.

पुन्हा पहिला. पुन्हा दुसरा. पण या वेळी मध्ये, न्यूट्रलपाशी, अर्धा श्वास थांबा.

मग टाका.

मऊ पडला?

मग जे काम रिंग करत होती, ते या अर्ध्या श्वासाने केलं.

पुढे बारीकसा उतार आहे. दुसऱ्यातच राहा. अॅक्सिलरेटरवरून पाय उचला. हात मुठीजवळ, पण टेकवू नका. दांडा आपणहून उडून न्यूट्रलला येतो का, तेवढं पाहा. नाही आला. ठीक.

परत या. गाडी लावा, इंजिन बंद करा, चाकाला दगड लावा.

थांबा. निवू द्या. इंजिन टिकटिक करतं, मग तेही थांबतं. बादली केव्हाच भरून गेलीय.

गाडीखाली आडवे व्हा. गिअरबॉक्सच्या बाजूचा वरचा बोल्ट सैल करा. खालचा नको, आज नको. त्या भोकात करंगळी घाला.

तेल लगेच लागतं, की बोट खोल शोधत जातं?

बाहेर काढा. वास घ्या. गंधकासारखा, उग्र. तो गिअर ऑइलचा नेहमीचाच.

उठून उजेडात या. अंगठा आणि करंगळीमध्ये तो थेंब चोळा. सावकाश.

तेल काळपट आहे. बोट जरा तिरकं करा, उन्हाकडे.

सोनेरी काही चमकतं. पिठाहून बारीक.

पुन्हा चोळा. टोचतं का?