नाव एकाचे, व्यवहार अनेकांचा

लोकांच्या तोंडी रुळलेल्या म्हणी कोठून आल्या, हा शोध आपण सहसा भाषापंडितांवर सोपवून मोकळे होतो. परंतु राजकारणातल्या व बाजारातल्या काही शब्दांचा उगम पाहू गेल्यास भाषेपेक्षा नीतीचाच प्रश्न पुढे उभा राहतो. ‘आयाराम-गयाराम’ हा त्यांपैकी एक. निवडणुका जवळ आल्या की वर्तमानपत्रांतून तो दररोज डोकावतो, आणि आपणही नाक्यावर उभे राहून तो हसत हसत वापरतो. त्या शब्दामागे हाडामांसाचा एक माणूस होता, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

त्या माणसाचे नाव गयालाल. हरयाणा राज्याची स्थापना १ नोव्हेंबर १९६६ रोजी झाली आणि १९६७ साली तेथे विधानसभेची पहिली निवडणूक झाली. अनुसूचित जातींसाठी राखीव असलेल्या हसनपूर मतदारसंघातून गयालाल अपक्ष म्हणून निवडून आले आणि काँग्रेसमध्ये गेले. पुढे एका पंधरवड्यात त्यांनी तीनदा बाजू बदलली. काँग्रेसमधून ते संयुक्त आघाडीत गेले, तेथून पुन्हा काँग्रेसमध्ये आले, आणि नऊ तासांच्या आत पुन्हा आघाडीत परतले. आघाडीचे नेते राव बिरेंद्र सिंह यांनी त्यांना चंदीगडला वार्ताहरांपुढे उभे केले आणि जाहीर केले की गयाराम आता आयाराम झाले आहेत. हिंदीत ‘गया’ म्हणजे ‘गेला’. नावातच कोटी तयार होती, ती फक्त उचलायची बाकी होती. सगळे हसले असतील. हसण्यासारखे होतेही.

पण कोटी करणारा कोण होता? राव बिरेंद्र सिंह हे रेवाडीच्या नामांकित घराण्यातले, आणि त्याच निवडणुकीनंतर ते स्वतः काँग्रेस सोडून बाहेर पडले होते. मुख्यमंत्री भगवत दयाल शर्मा यांच्या उमेदवाराचा पराभव करून ते सभापती झाले, आणि लवकरच, २४ मार्च १९६७ रोजी, पक्ष सोडून आलेल्यांच्या बळावर मुख्यमंत्री झाले. पुढे ते पुन्हा काँग्रेसमध्ये परतले आणि केंद्रात कृषिमंत्रीही झाले. त्यांच्या नावाची म्हण झाली नाही. ती झाली राखीव मतदारसंघातून आलेल्या एका साध्या आमदाराच्या नावाची. गयालाल निर्दोष होते असे मी म्हणत नाही. मतदारांनी दिलेला विश्वास त्यांनी पंधरा दिवसही सांभाळला नाही, हे खरेच आहे. परंतु एकाच दोषाचे दोन वाटेकरी असता एकाला मंत्रिपद मिळावे आणि दुसऱ्याच्या नावाची शिवी व्हावी, ही वाटणी न्याय्य म्हणता येईल काय?

ही वाटणी केवळ हरयाणातलीही नव्हे. पक्षांतराचा विचार करण्यासाठी तत्कालीन केंद्रीय गृहमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमण्यात आली होती. तिने १९६९ साली दिलेल्या अहवालातले आकडे बोलके आहेत. १९६७ च्या निवडणुकांनंतर बारा महिन्यांत ४३८ पक्षांतरे झाली. निरनिराळ्या राज्यांतील पक्ष बदललेल्या २१० आमदारांपैकी ११६ जणांना मंत्रिपदे मिळाली, आणि तीही त्यांच्याच पाठिंब्यावर उभ्या राहिलेल्या मंत्रिमंडळांत. म्हणजे विकणारे होते तसेच विकत घेणारेही होते, आणि किंमत सरकारी खुर्चीच्या रूपाने, जनतेच्या खिशातून चुकती होत होती. आपल्या भाषेत विकणाऱ्यासाठी ‘आयाराम’ आहे. घेणाऱ्याला काय म्हणायचे? फार तर ‘मुत्सद्दी’. (‘चाणक्य’ही म्हणतात, आणि तेही कौतुकाने!)

कायदा यथावकाश आला. १९८५ साली बावन्नाव्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदी लागू झाली. मात्र पक्षाचे एकतृतीयांश सदस्य एकत्र फुटले तर त्यांना अभय होते. किरकोळ विक्रीला बंदी आणि घाऊक विक्रीला मुभा, असा टोमणा तेव्हा मारला गेला. २००३ च्या एक्क्याण्णवाव्या दुरुस्तीने ती पळवाट बुजविली. नव्या वाटा निघायच्या त्या निघाल्याच.

यावर कोणी म्हणेल, ‘विनोद हे दुबळ्यांचे हत्यार आहे, तेवढे तरी राहू द्या.’ हे म्हणणे मला मान्य आहे. पण शब्द दोन प्रकारचे असतात. काही चावा घेतात, तर काही पांघरूण घालतात. मुंबईच्या बोलीत लाखाला ‘पेटी’ आणि कोटीला ‘खोका’ म्हणतात. मोठ्या रकमेचे नाव उघड घ्यायचे नाही, म्हणून हे शब्द सोयीचे. सामान हलविल्यासारखे बोलायचे आणि पैसा हलवायचा. २०२२ च्या ऑगस्टमध्ये विधानभवनाच्या पायऱ्यांवर विरोधकांनी ‘पन्नास खोके, एकदम ओके’ अशी घोषणा दिली, तेव्हा हा पांघरुणाचा शब्द चावा घेणारा झाला. आरोपाच्या खरेखोटेपणाचा प्रश्न वेगळा. मला खटकले ते हे की महिनाभरात ती घोषणा शाळकरी मुलांच्या तोंडी खेळातले गाणे होऊन बसली. चाव्याचे पुन्हा पांघरूण झाले.

आणि आपल्या घरातले पांघरूण? वडिलांच्या निधनानंतर वारसनोंदीसाठी मी एका कार्यालयात महिनाभर खेटे घालीत होतो. शेवटी तेथल्या कारकुनाने ‘चहापाण्याचे काय?’ एवढेच विचारले. मी पाचशे रुपये दिले; काम चौथ्या दिवशी झाले. ‘लाच’ हा शब्द त्यानेही उच्चारला नाही आणि मीही नाही. २०१८ च्या दुरुस्तीनंतर कायदा लाच देणाऱ्यालाही गुन्हेगार धरतो. बळजबरीने द्यावी लागली असेल, तर सात दिवसांत तक्रार करावी लागते. मी तक्रार केली नाही. त्या कारकुनाला मी मित्रमंडळींत अनेकदा ‘खाऊ’ म्हटले आहे. खाऊ घालणाऱ्याला काय म्हणावे, असे मला एकानेही विचारले नाही, कारण त्यांतल्या बहुतेकांनी कधी ना कधी तसेच घातले होते.

घरखर्चाची वही लिहिण्याची वडिलांची सवय मी पुढे चालविली आहे. तीत त्या दिवसाखाली माझ्याच अक्षरात ‘चहापाणी – ५००’ अशी नोंद आहे. आमची मुलगी तेव्हा सातवीत होती. वही चाळताना तिने विचारले, ‘बाबा, एवढा चहा कोण प्यायलं?’ मी पान उलटले.