तीन फायनल, एक गोल

खडकवासला, पुणे

सोनू,

हॉकीची फायनल ०-१ ने गेली, गोल माझ्यामुळेच बसला, आता गोली म्हणून उभी राहणार नाही, असं तू लिहिलंस. निर्णय घ्यायच्या आधी शंकर लक्ष्मण यांची हकिकत वाच.

त्यांचा जन्म १९३३चा, महूचा. १९४७ साली पोरवयात ते लष्कराच्या बँडमध्ये भरती झाले. पुढे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान आणि भारताच्या हॉकी संघाचे गोलरक्षक झाले. त्यांच्या वाट्याला ऑलिंपिकच्या तीन फायनल आल्या आणि तिन्ही पाकिस्तानशी. १९५६ला मेलबर्नमध्ये आपण १-० जिंकलो. १९६०ला रोममध्ये अगदी तुमच्यासारखेच ०-१ हरलो. १९२८पासून ऑलिंपिकमध्ये एकही सामना न हरलेला भारत त्या दिवशी हरला, तेव्हा गोलमध्ये लक्ष्मण होते. यापेक्षा जड गोल कुठल्या गोलीवर बसला असेल?

तरीही १९६४ला टोकियोत तेच उभे होते. मोहिंदर लाल यांनी आघाडी मिळवून दिली, पण ती शेवटच्या शिट्टीपर्यंत टिकवली लक्ष्मण यांनी. तेव्हा हेल्मेट नव्हतं. पायाला पॅड, बुटांवर किकर नावाचं कवच, मागे बारा फुटी गोल आणि समोर गवताचं मैदान, जिथे चेंडू कधी उसळेल याचा नेम नाही. पेनल्टी कॉर्नरचा फटका पॅडवर घेतला की काम अर्धंच होतं. चेंडू समोर पडला तर फॉरवर्ड टपलेलाच असतो. म्हणून अडवल्याबरोबर तो पायाने बाजूला काढायचा. ही सवय अंगात मुरायला रोजचा सराव लागतो. इथे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे कॅडेट एकच कवायत पुन्हा पुन्हा करतात, ते यासाठीच.

१९६६च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत ते कर्णधार होते. फायनलमध्ये पुन्हा पाकिस्तान, पुन्हा १-० आणि सुवर्ण. देशाने त्यांना पद्मश्री दिली, मात्र अखेरची वर्षं हलाखीत गेली. २००६ साली ते महूतच वारले. अशा माणसाचं नाव तुमच्या पिढीला ठाऊक नसावं, याचं मला फार वाईट वाटतं.

गोलीला गोल बसणारच. गोलीची किंमत ठरते ती पुढच्या सामन्यात तो परत उभा राहतो की नाही, यावर. तेव्हा सोमवारी सरावाला जा आणि सरांना सांग, आज फक्त पेनल्टी कॉर्नर मारा.

तुझे आजोबा