छेदातली माणसं

डिसेंबर २०२४ मध्ये नागपुरात सरसंघचालक मोहन भागवत यांनी सांगितलं की जननदर २.१च्या खाली गेलेला समाज टिकत नाही, म्हणून दोनांहून जास्त, म्हणजे तीन मुलं हवीत. त्याच्या आधी ऑक्टोबरमध्ये आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू यांनीही जास्त मुलांचा आग्रह धरला होता. या दोघांशी भांडायला मी हा लेख लिहीत नाही. माझं भांडण आहे ते त्यांच्या पाठोपाठ व्यासपीठांवर, पुरवण्यांत आणि लग्नाच्या मांडवात ऐकू येणाऱ्या एका निदानाशी. मुली शिकल्या, नोकरीला लागल्या, लग्नं लांबली आणि म्हणून तालुक्याच्या गावीसुद्धा आयव्हीएफ सेंटरच्या पाट्या लागल्या, असं हे निदान आहे. ते अर्धवट आहे, आणि ज्यांच्यावर ते लादलं जातं त्यांच्यासाठी क्रूर आहे.

मुळात इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशाचा जननदर २.० आणि महाराष्ट्राचा १.७ निघाला. हा दर खाली आला तो मुख्यतः लोकांना मुलं कमी हवी आहेत म्हणून. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं तेव्हा ज्या निवडीसाठी त्यांनी शिव्या खाल्ल्या, ती निवड आता घराघरांत होते आहे. वंध्यत्व ही याच्या अगदी उलट बाजू. तिथे मूल हवं असतं आणि होत नसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३च्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांत एकाला आयुष्यात कधी ना कधी हा अनुभव येतो. एका बाजूचा आकडा दाखवून दुसऱ्या बाजूच्या बाईला जाब विचारायचा, हे चालू देता कामा नये.

वयाचं म्हणणं खोटं नाही. पस्तिशीनंतर स्त्रीबीजांची संख्या आणि प्रत दोन्ही झपाट्याने उतरतात, आणि हे मुलींना शाळा-कॉलेजातच स्पष्ट सांगायला हवं. पण जवळपास निम्म्या जोडप्यांत दोष पुरुषाकडे किंवा पुरुषाकडेही असतो. वीर्यतपासणीचा खर्च लॅप्रोस्कोपीच्या तुलनेत किरकोळ, आणि शरीराला त्रास काहीच नाही. तरीही कितीतरी घरांत बाईची लॅप्रोस्कोपी आधी होते आणि नवऱ्याचा रिपोर्ट मागाहून येतो. दुसरं कारण खास आपलं आहे, ते म्हणजे क्षयरोग. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे. हा जंतू फुप्फुसातून रक्तावाटे गर्भनलिकांपर्यंत पोचतो आणि खोकला-ताप काही न दाखवता त्या आतून चिकटवून टाकतो. विशीत लग्न झालेल्या, शेतात राबणाऱ्या बाईलाही ‘दोन्ही ट्यूब बंद आहेत’ हे एचएसजीच्या, म्हणजे गर्भनलिकांच्या एक्स-रेच्या, फिल्मवरच पहिल्यांदा कळतं. तिला करिअरचा बोल कोण लावणार?

आता दुसऱ्या बाजूकडे वळतो, कारण या गैरसमजावर क्लिनिकंही पोसली जातात. ‘यशाचं प्रमाण ७० टक्के’ असं छापलेली पत्रकं सर्वांनी पाहिली असतील. कशाचे सत्तर टक्के, हा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. समजा, शंभर जणींनी इंजेक्शनं सुरू केली. दहा जणींची बीजं वाढलीच नाहीत, सायकल तिथेच थांबली. उरलेल्या नव्वदांपैकी पंधरा जणींचं पिकअप झालं, म्हणजे बीजं काढली, पण ट्रान्सफर करण्याजोगं भ्रूण तयार झालं नाही. पंच्याहत्तर जणींचं ट्रान्सफर झालं. चाळीस जणींचा बीटा, म्हणजे गर्भधारणेची रक्तचाचणी, पॉझिटिव्ह आला, चौतीस जणींच्या सोनोग्राफीत ठोके दिसले आणि अठ्ठावीस जणी बाळ घेऊन घरी गेल्या. हे आकडे समजण्यापुरते घेतले आहेत, पण गळती याच क्रमाने होते. चाळीस भागिले पंच्याहत्तर केलं की यश त्रेपन्न टक्के. अठ्ठावीस भागिले शंभर केलं की अठ्ठावीस टक्के. क्लिनिक तेच, बायका त्याच. त्यात दात्रीच्या बीजावर झालेल्या सायकली मिसळल्या की आकडा आणखी चढतो, कारण तिथे वय धरायचं ते दात्रीचं.

छेदातून गाळलेल्या त्या पंचवीस जणींनीही रोज ठरल्या वेळी पोटात सुई टोचून घेतलेली असते. एसटीने येताना थर्मासात बर्फ घालून इंजेक्शनं सांभाळलेली असतात. एका सायकलला दीड-दोन लाख सहज जातात, ते सोनं गहाण ठेवून उभे केलेले असतात, कारण बहुतेक आरोग्य विमा पॉलिसींमध्ये हा उपचार बसत नाही. पत्रकावरच्या टक्केवारीत या बायकांचा हिशेब कुठेच नाही. मग घरी प्रश्न येतो, ‘सत्तर जणींना होतं, तुलाच कसं नाही?’ म्हणून मी म्हणतो की खोटा छेद हा निव्वळ जाहिरातीचा अपराध नाही. तो थेट बाईच्या माथी दोष मारतो.

हिशेब आणि प्रामाणिकपणा यांचं नातं या क्षेत्रात भारतात पहिल्या दिवसापासून दुखरं आहे. ३ ऑक्टोबर १९७८ रोजी कोलकात्यात आयव्हीएफने ‘दुर्गा’ जन्मली. जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी, इंग्लंडमधली लुईस ब्राऊन, तेव्हा फक्त ७० दिवसांची होती. डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी संप्रेरकं देऊन बीजं वाढवली, पोट न उघडता योनिमार्गाने ती काढली, भ्रूण गोठवून ठेवलं आणि नंतर गर्भाशयात सोडलं. यातल्या बऱ्याच गोष्टी आज जगभर रोजच्या झाल्या आहेत. पश्चिम बंगाल सरकारने समिती नेमली आणि समितीने त्यांचा दावा फेटाळला. परदेशी जाऊन काम मांडायची परवानगी त्यांना मिळाली नाही. शेवटी त्यांची बदली डोळ्यांच्या संस्थेत झाली. १९ जून १९८१ रोजी त्यांनी आयुष्य संपवलं.

पुढे ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएममध्ये हर्षा जन्मली. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि आयसीएमआरच्या परळच्या प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांचं हे काम. ‘भारताची पहिली टेस्ट ट्यूब बेबी’ ही नोंद हर्षाच्या नावावर पक्की झाली होती. १९९७ साली आनंद कुमारांच्या हाती मुखोपाध्यायांची हस्तलिखित टिपणं आली. ती त्यांनी वाचली, पडताळली आणि ‘करंट सायन्स’मध्ये लिहिलं की पहिला मान मुखोपाध्यायांचा आहे. म्हणजे त्यांनी स्वतःचा मान स्वतःच्या हाताने काढून दिला. त्यांना तसं करायला कुणीही भाग पाडलं नव्हतं. मुखोपाध्याय हयात नव्हते, आनंद कुमार गप्प राहिले असते तरी कुणी बोट दाखवलं नसतं. या क्षेत्रातल्या कुठल्याही पुरस्कारापेक्षा मला ही घटना मोठी वाटते. मुखोपाध्यायांच्या समितीने कागद समजून न घेता निकाल दिला, तर आनंद कुमारांनी कागद वाचून आपल्याविरुद्ध निकाल दिला. आयव्हीएफच्या प्रत्येक परिषदेत पहिल्या भाषणाआधी ही गोष्ट सांगितली गेली पाहिजे.

कायद्याने वाट करून दिलेली आहे. सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायदा २०२१ साली झाला आणि २५ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. स्त्रीसाठी २१ ते ५०, पुरुषासाठी २१ ते ५५ ही वयोमर्यादा त्यात आली. २०१९ मध्ये गुंटूरला ७४ वर्षांच्या बाईंना जुळी झाली, त्या बातमीवर टाळ्या वाजवणाऱ्यांना हे कलम चांगलं उत्तर आहे. बीजदात्रीला आयुष्यात एकदाच आणि जास्तीत जास्त सात बीजं देता येतात. जोडप्याला त्या क्लिनिकमधली यशाची शक्यता समजावून सांगणं बंधनकारक आहे, आणि उपचाराची माहिती राष्ट्रीय नोंदणीकडे पाठवणंही. पण ती माहिती वयानुसार, क्लिनिकनुसार सर्वांसमोर मांडली जात नाही, तोवर समुपदेशनाच्या खोलीत सांगितलेला आकडा ताडून पाहायला जोडप्याकडे काहीच नसतं.

तेव्हा सरळ क्रमवारी जाहीर करा, असं म्हणण्याचा मोह होतो. इथे मात्र एक आक्षेप आडवा येतो, आणि तो मला मान्य करावा लागतो. अमेरिकेत १९९२ सालच्या कायद्याने क्लिनिकनिहाय यश जाहीर होऊ लागलं. त्यानंतर स्पर्धाही सुरू झाली. आकडा बिघडवतील अशा चाळिशीच्या बायकांना टाळणं, एकाच वेळी दोन-तीन भ्रूणं सोडणं, असे मोह त्यातून वाढतात. आपल्याकडे तर जुळं झालं की दुप्पट पेढे. मुदतीआधी जन्मलेली, काचेच्या पेटीत आठवडेच्या आठवडे ठेवलेली ती दोन बाळं आणि एनआयसीयूचं बिल पेढ्यांच्या बॉक्समध्ये दिसत नाही. ब्रिटनने तिथल्या एचएफईए या नियामक संस्थेमार्फत उलटी दिशा धरली. यशाबरोबर जुळ्यांचं प्रमाणही मोजलं, एका वेळी एकच भ्रूण सोडण्याचा आग्रह धरला. नव्वदच्या दशकात आयव्हीएफच्या दर चार बाळंतपणांत एकाहून जास्त जुळी-तिळी होत, आता ते प्रमाण ५ टक्क्यांच्या आत आहे. जोडीला विकल्या जाणाऱ्या ज्यादा उपचारांनाही त्यांनी पुराव्यानुसार दर्जा लावला. गर्भाशयाचं अस्तर खरवडण्याची शिफारस आपल्याकडेही होत आली आहे. २०१९च्या मोठ्या चाचणीत ते खरवडलेल्या आणि न खरवडलेल्या बायकांत बाळंतपणाचं प्रमाण सारखंच निघालं.

म्हणून क्रमवारी नको. प्रत्येक वयोगटात किती जणींनी इंजेक्शनं सुरू केली, किती जणींना एकच जिवंत बाळ झालं, किती जणींना जुळं, किती जणी मध्येच थांबल्या आणि स्वतःच्या बीजावर किती, एवढा तक्ता प्रत्येक क्लिनिकच्या भिंतीवर मराठीत हवा. खासगीवाले आपण होऊन लावणार नाहीत, तेव्हा सुरुवात सरकारी रुग्णालयांनी करावी. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात २०२३ पासून मोफत आयव्हीएफ मिळतं. तिथे गिऱ्हाईक ओढायचं नाही, त्यामुळे आकडा फुगवण्याचं कारणही नाही. त्यांचे निकाल, मग ते कितीही कमी असोत, इंजेक्शनं सुरू केलेल्या प्रत्येकीला छेदात धरून छापले गेले, तर सावंतवाडी-कोल्हापूरच्या जोडप्याला खासगी पत्रकावरचे सत्तर टक्के पहिल्यांदाच कशाशी तरी ताडून पाहता येतील.