मृतांची भूमी व जिवंतांचे कर्तव्य

खेड्यापाड्यांतील आपल्या मंडळ्यांत एक प्रश्न पुष्कळदा विचारला जातो. देह मातीस मिळतो व आत्मा प्रभूजवळ जातो, अशी आपली श्रद्धा आहे. मग जुन्या दफनभूमीस कुंपण का घालावे? मातीच्या त्या उंचवट्यांवर बाभळी वाढल्या वा गुरे चरली, तर मेलेल्यांचे काय बिघडले? तोच पैसा शाळेच्या मुलांवर अथवा विधवांवर खर्च करणे अधिक धर्माचे नव्हे काय? हा प्रश्न आळसातून निघतो तसा प्रामाणिक भक्तीतूनही निघतो. म्हणून त्यास नीट उत्तर दिले पाहिजे.

प्रथम शास्त्राकडे पाहू. सारा मरण पावली तेव्हा अब्राहाम परक्या देशात उपरा होता. त्यास जागा फुकट देऊ करण्यात आली, तथापि त्याने ती तशी घेतली नाही. वेशीवर सर्वांच्या देखत चारशे शेकेल रुपे तोलून देऊन मकपेल्याचे शेत व गुहा त्याने विकत घेतली. वचनदत्त देशात त्याच्या मालकीची झालेली पहिली जमीन ही कबरेची जमीन होय. विश्वासणाऱ्यांच्या या पित्याने मृतांची जागा तुच्छ मानली नाही. परंतु त्याच शास्त्रात दुसरी बाजूही आहे. जे लोक संदेष्ट्यांच्या कबरा बांधीत व शृंगारीत, पण त्यांच्या शिकवणीस विरोध करीत, त्यांचा प्रभूने कठोर निषेध केला. यावरून दिसते की, कबर राखणे हे चांगले असले तरी ते का व कसे राखले जाते यावर सर्व काही अवलंबून आहे.

पुणे जिल्ह्यातील शिरूरचे उदाहरण घ्या. तेथे पूर्वी इंग्रजांची छावणी होती. असईच्या लढाईत, १८०३ साली, लढलेले कर्नल विल्यम वॉलेस हे १८०९ साली शिरूर येथे वारले व तेथेच पुरले गेले. पुढे आसपासचे लोक त्यांस ‘सत्पुरुष’ म्हणू लागले. कबरेपुढे धूप जाळावा, नारळ फोडावा, सुगीचे पहिले धान्य नैवेद्य म्हणून आणावे, असा परिपाठ पडला. १८८५ च्या सरकारी गॅझेटियरात असेही नमूद आहे की, एका शेतकऱ्याने नैवेद्य देण्याचे नाकारले व त्या वर्षी त्याचे पीक बुडाले. तेव्हापासून तो कबरेस नारळ देऊ लागला. या भोळ्या लोकांस हसू नये. एका परक्या सैनिकाची आठवण त्यांनी पिढ्यान् पिढ्या जपली, ही सामान्य गोष्ट नव्हे. परंतु स्मरणात भय शिरले म्हणजे कबर देव्हारा बनते, आणि मृताचे खरे गुण मागे पडून केवळ त्याचा कोप उरतो. ही एक चूक. आपली चूक याच्या उलट आहे: आपण भीत नाही, पण आठवतही नाही.

आता पैशाचा आक्षेप. पुण्यास गेलेल्या आपल्या बंधूंनी मंडईची उंच मनोऱ्याची इमारत पाहिलीच असेल. १८८६ साली ‘रे मार्केट’ या नावाने ती उघडली, व आज ती महात्मा फुले यांच्या नावाने ओळखली जाते. नगरपालिकेचे सभासद असताना याच इमारतीच्या खर्चास जोतीरावांनी विरोध केला होता. तो पैसा गरिबांच्या शिक्षणास लागावा असे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे शाळा आधी, इमारत मागून, असे मानणारा हा मनुष्य. तरीही त्यांनी आपला देह पुरला जावा म्हणून राहत्या घराजवळ खड्डा खणवून ठेवला होता. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते वारले, तेव्हा वस्तीत पुरण्यास परवानगी मिळाली नाही. दहन झाले, व रक्षा त्या जागी ठेवण्यात आली. शाळेचा कैवार व अंतिम विश्रामस्थानाची काळजी या दोन गोष्टी एकाच मनुष्याच्या ठायी सुखाने नांदल्या. त्या परस्परांच्या वैरी नाहीत.

मग आपले कर्तव्य कोणत्या आधारावर उभे आहे? जे परतफेड करू शकत नाहीत त्यांस जेवू घाला, असे प्रभूने शिकविले. मृतांहून परतफेडीस असमर्थ कोण? आपल्या दफनभूमीत जे निजले आहेत त्यांत कित्येकांनी बाप्तिस्मा घेतला म्हणून आप्तांचा बहिष्कार सोसला. त्यांच्या उंचवट्यावर नाव नाही, कारण दगड घडविण्यास पैसा नव्हता. त्यांच्या धैर्यावर आज आपली मंडळी उभी आहे. शिवाय ही भूमी आपली परीक्षाही आहे. श्रीमंताची फरशीची कबर झाडली जाते व शेजारील निनावी माती काट्यांनी झाकली जाते, तर प्रभूच्या मेजाशी आपण सर्व एक आहो हे बोलणे पोकळ ठरते.

याकरिता फार द्रव्य लागत नाही. पावसाळा सरल्यावर मंडळीने एक दिवस मिळून काटे तोडावे, ढासळलेली दगडी ताल पुन्हा रचावी. पाळकांनी किंवा उपदेशकांनी वृद्धांस विचारून, कोण कोठे पुरला आहे हे वहीत लिहून ठेवावे. वृद्ध गेल्यावर ते सांगणारा कोणी उरणार नाही. पंचांनी जमिनीचा सातबारा पाहून नोंद बरोबर आहे की नाही याची खात्री करावी. अब्राहामाने साक्षीदारांपुढे व्यवहार केला तो उगाच नव्हे. पक्क्या कबरा वाढवून पुढील पिढीची जागा अडवू नये. आणि मुलांस त्या दिवशी बरोबर न्यावे. म्हणजे शाळा व दफनभूमी यांत निवड करण्याचे कारणच उरणार नाही.

शेतकरी पेरलेल्या शेतास कुंपण घालतो. पडीक जमिनीस घालीत नाही. पुनरुत्थानावर आपला विश्वास आहे असे आपण दर प्रभुवारी म्हणतो. गावातील शेजारी आपले म्हणणे ऐकतात, व आपली दफनभूमीही पाहतात.