विसावा कोणाच्या खांद्यावर?

रेल्वेचे आगाऊ आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी करता येत असे. १ नोव्हेंबर २०२४ पासून ही मुदत ६० दिवसांवर आली. या बदलाचा धर्मजीवनाशी काय संबंध, असे वाचक विचारतील. संबंध आहे. मेच्या मध्यावर प्रवासाला निघायचे तर तिकीट मार्चच्या मध्यावर काढावे लागते, आणि ईस्टर कितीही लवकर वा उशिरा येवो, मार्चचा मध्य उपवासकाळातच येतो. शुक्रवारी संध्याकाळी क्रुसाची वाट आटोपून मंडळी मंदिराच्या पायऱ्यांवर रेंगाळतात, तेव्हा अलीकडे त्यांच्या बोलण्यात दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता उघडणाऱ्या आरक्षणाची चिंता असते. "फादर, यंदा कुठे जावे?" हा प्रश्न आम्हालाही विचारला जातो. जणू हवामान खात्याची किल्ली धर्मगुरूंच्या खिशात असते!

याबद्दल आमची तक्रार नाही. आमच्या लहानपणी वसईतल्या वाडीवाल्यांना सुट्टी म्हणजे मामाचे घर, सप्टेंबरातली बांद्र्याची जत्रा आणि ऐपत असल्यास आयुष्यात एकदा वेलंकनी. आज त्याच घरांतल्या मुली परिचारिका झाल्या, मुलगे बँकांत आणि कंपन्यांत गेले. पहाटेची लोकल गाठून रात्री परतणाऱ्या माणसाने वर्षातून आठ दिवस मोकळा श्वास घ्यावा, यात गैर ते काय? संत थॉमस अक्वायनस यांनी मनाच्या विश्रांतीचा विचार करताना संत योहानाची एक जुनी कथा सांगितली आहे. प्रेषित शिष्यांसह क्रीडाविनोदात रमलेले पाहून कोणी नाक मुरडले. योहानाने तिथल्या धनुर्धाऱ्याला विचारले, "तू सतत बाण सोडत राहशील का?" तो म्हणाला, तसे केले तर धनुष्य मोडेल. माणसाच्या मनाचेही तसेच आहे, असे योहानाने सुचवले. तेराव्या शतकातल्या या महापंडिताला सुट्टी मान्य होती, तर आम्ही कोण हरकत घेणारे?

तेव्हा सुट्टी घ्यावी की न घ्यावी, हा प्रश्नच नाही. ती कोठे आणि केव्हा घ्यावी, हा मात्र केवळ सोयीचा आणि पैशाचा प्रश्न आहे असे आम्हाला वाटत नाही.

आपला देश असा विलक्षण आहे की बारा महिन्यांत कोठे ना कोठे ऋतू अनुकूल असतोच. पावसाळा साधारण १ जूनला केरळात उतरतो, ११ जूनच्या सुमारास मुंबईत येतो. तमिळनाडूच्या किनाऱ्याला मात्र खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात मिळतो. आपण इथे छत्र्या गुंडाळून ठेवतो तेव्हा तिथे त्या उघडल्या जातात. जुलै-ऑगस्टमध्ये सह्याद्री धुवून निघत असताना हिमालयापलीकडचे लडाख कोरडेच असते, कारण ढग ती भिंत सहसा ओलांडत नाहीत. 'सहसा' म्हणावे लागते. ६ ऑगस्ट २०१० च्या पहाटे लेहवर झालेल्या ढगफुटीने शेकडो माणसे नेली. आणि नाताळच्या सुट्टीत वेलंकनीला गेलेल्या भाविकांपैकी कितीतरी जण २६ डिसेंबर २००४ च्या सुनामीत समुद्राने ओढून नेले. ऋतूचे ज्ञान हवेच, पण ते हमीपत्र नव्हे.

एवढी विविधता हाताशी असूनही आपण सारे एकाच महिन्यात, एकाच पाचपन्नास ठिकाणी धावतो. ही सवय मुळात आपली नाही. मे महिन्यात डोंगरावर जाणे हे इंग्रज अधिकाऱ्यांचे वेळापत्रक. कोलकात्याचे सरकार १८६४ पासून उन्हाळ्यात सिमल्याला जाऊ लागले, मद्रासचे उटीला, मुंबईचे महाबळेश्वरला. माथेरानचा शोध ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी १८५० साली लावला असे म्हणतात. म्हणजे तिथे आधीपासून राहणाऱ्या आदिवासींना तो लागलेला नव्हता म्हणायचा! साहेब गेले, वेळापत्रक राहिले. साहेब मूठभर होते, आपण कोट्यवधी आहोत, एवढाच फरक. तो फरक डोंगराला कळतो. २०१८ च्या मे महिन्याच्या अखेरीस सिमल्याचे नळ दिवसेंदिवस कोरडे होते; पर्यटकांनी सध्या येऊ नये, अशी विनवणी तिथले रहिवासीच करू लागले. उटी आणि कोडाईकनाल येथे जाणाऱ्या वाहनांना मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार ७ मे २०२४ पासून ई-पास घ्यावा लागू लागला. यजमानाला पाहुण्यांपासून वाचवण्यासाठी न्यायालयाने दारात उभे राहावे, ही पाहुण्यांना शोभणारी गोष्ट नव्हे.

पण पाणी आणि रस्ते यांपेक्षा आमच्या मनाला जे लागले ते वेगळेच होते, आणि ते लांब कोठे नाही, नेरळच्या डोंगरावर घडले.

काही वर्षांपूर्वी धर्मग्रामातील तरुणांना घेऊन आम्ही माथेरानला गेलो होतो. मे महिना, शनिवार. मोटारी दस्तुरी नाक्यापर्यंतच येतात. पुढे पायी, घोड्यावर किंवा त्या वेळी हातरिक्षात. आमचा गुडघा तेव्हा सुजलेला होता. मुलांनी आग्रहाने आम्हाला रिक्षात बसवले. एक जण पुढून ओढत होता, एक जण मागून ढकलत होता. तांबड्या मातीच्या चढावर पुढच्या माणसाच्या मानेवरची शीर फुगलेली आम्हाला दिसत होती आणि मागच्याचा श्वास कानाशी ऐकू येत होता. दोघांचेही वय आमच्याहून फारसे कमी नसावे. बोलता बोलता पुढचा म्हणाला, "साहेब, आता पंधरा जूनपर्यंत सुट्टी नाही. मे आणि दिवाळी, तेवढाच आमचा सीझन." आम्ही म्हटले, "मग पावसात विश्रांती असेल." तो हसला. "पावसात काम नसतं," तो म्हणाला.

त्या दोन वाक्यांमधले अंतर आम्ही अजून मोजत आहोत. दुसऱ्या दिवशी रविवार होता. मुलांबरोबर मिस्सा अर्पण करताना आमच्या डोळ्यांपुढे ती मान येत राहिली.

विसाव्याच्या दिवसाची आज्ञा आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केलेली असते. पण ती कोणाकोणासाठी आहे याची यादी आपण भरभर वाचून जातो. निर्गम ग्रंथात आणि पुन्हा अनुवाद ग्रंथाच्या पाचव्या अध्यायात ती यादी आहे. तीत घरधनी आणि त्याची मुले आहेत, तसे दास आणि दासी आहेत, बैल आणि गाढव आहेत, वेशीच्या आत राहणारा परका आहे. अनुवाद ग्रंथ त्याचे कारणही देतो: तुझ्याप्रमाणे त्यांनाही विसावा मिळावा, तूही कधी इजिप्तमध्ये दास होतास, हे आठव. म्हणजे परमेश्वराच्या हिशेबात एकट्याचा विसावा अर्धाच भरतो. आपल्या पर्यटनात मात्र दासाचा कामाचा काळ तोच आपला सुट्टीचा काळ. माथेरानचा घोडाही त्या यादीत बसतो, कारण 'कोणतेही जनावर' असे शब्द तिथे आहेत.

आमच्या एका तरुण सहकारी धर्मगुरूंनी आम्हाला यावर चांगलेच अडवले. ते म्हणाले, "तुम्ही रिक्षातून उतरून चालत गेला असता, तर तुमच्या सदसद्विवेकाला बरे वाटले असते, पण त्याच्या मुलांच्या वह्या तुमच्या पुण्याच्या पैशांनी आल्या असत्या काय?" हा आक्षेप हलका नाही. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामजवळ २६ निरपराध माणसांची हत्या झाली. त्यांत आपल्या महाराष्ट्रातले सहा जण होते, आणि पर्यटकांना वाचवू पाहणारा एक स्थानिक घोडेवालाही होता. त्यानंतर आमच्या ओळखीतल्या दोन कुटुंबांनी मे महिन्याचा काश्मीरचा बेत रद्द केला. लहान मुले बरोबर असताना त्यांनी तसे केले, यात आम्ही त्यांना दोष देत नाही. तरी ज्यांच्यातल्या एकाने परक्यांसाठी प्राण दिला, त्याच घोडेवाल्यांची चूल त्या उन्हाळ्यात थंडावली, हेही खरे. जाण्याने कोणाचे तरी ओझे वाढते, न जाण्याने कोणाची तरी भाकरी जाते. या पेचातून नियमावली काढून देणे आम्हाला जमलेले नाही.

तरीही सहकाऱ्यांच्या आक्षेपात एक जागा भरलेली राहत नाही, असे आम्हाला वाटते. माणसाने माणसाला ओढावे आणि त्याला रोजगार म्हणावे, हे दोनच पर्याय समोर ठेवले की उपासमारीच्या भीतीने पहिला पर्याय कायम पवित्र ठरतो. ६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माथेरानच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करून ओढणाऱ्यांना ई-रिक्षा द्याव्यात असा आदेश दिला; ही प्रथा मानवी प्रतिष्ठेला धरून नाही, असे न्यायालयाला वाटले. जे न्यायालयाला दिसले ते आम्हाला, प्रतिष्ठेवर उभी आयुष्यभर प्रवचने देणाऱ्या माणसाला, रिक्षात बसण्यापूर्वी का दिसू नये? आम्ही त्या दोघांना ठरल्यापेक्षा शंभर रुपये जास्त दिले होते. दान म्हणून दिले असे त्या वेळी वाटले. आता वाटते, दंड म्हणून दिले असावेत.

'गर्दीचा काळ टाळा' हा सल्ला द्यायला सोपा आहे. तो धर्मगुरूला, निवृत्ताला आणि धनिकाला पाळता येतो. शाळेत जाणारी दोन मुले आणि मोजकी रजा असलेल्या बापाला मे महिन्याखेरीज काय आहे? त्यांनी मे महिन्यातच जावे. पण सहा दिवसांत सात शहरे पाहण्याऐवजी एकाच गावी सहा दिवस राहावे, शनिवार-रविवार टाळून उतरावे, तिथल्या मंदिरात मिस्साला जावे आणि चादरी बदलणाऱ्या बाईला तिचे नाव विचारावे, एवढे कोणालाही शक्य आहे. मिझोराममध्ये रविवारी बाजार बंद असतो म्हणून आमच्या परिचयाचे एक गृहस्थ फार चिडून परत आले होते. "रविवारचा एक दिवस वाया गेला," असे ते म्हणाले. ते रोजच्या मिस्साला येणारे सद्‌गृहस्थ आहेत, म्हणून सांगतो.

पाहुणा होण्याची रीत आपण वसईकरांनी तरी शिकायला हवी, कारण आपण यजमानही आहोत. कळंब, राजोडी, अर्नाळा या किनाऱ्यांवर रविवारी काय लोटते, आणि सोमवारी वाळूत काय उरते, ते आपण पाहतो. आमच्या पॅरिश कौन्सिलच्या एका बैठकीत त्यावर तासभर तावातावाने चर्चा झाली. मुंबईकरांना शिस्त नाही, यावर एकमत झाले. चहाच्या वेळी त्याच बैठकीतील एकाने मनालीचे फोटो दाखवले. बर्फात मुले खेळत होती आणि त्यांच्या पायांशी, चित्राच्या कोपऱ्यात, वेफर्सची चार रिकामी पाकिटे पडली होती. फोटो छान आले होते. कोणी काही बोलले नाही, आम्हीही नाही.

आमच्या धर्मग्रामात एक बाई आहेत, वयाने आमच्या थोरल्या बहिणीएवढ्या. त्यांची मोगऱ्याची वाडी. मोगऱ्याचा बहर नेमका उन्हाळ्यात. कळ्या पहाटे खुडून दादरच्या बाजारात जायला हव्यात. त्यामुळे त्यांच्या आयुष्यात मे महिन्याची सुट्टी कधी आलीच नाही. मुले-सुना दरवर्षी गेली, या वाडी सांभाळत राहिल्या. कुटुंबाच्या विसाव्याची रिक्षा घरातून कोण ओढते, हे आम्हाला त्यांच्याकडे पाहून बऱ्याच उशिरा कळले. संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात जुन्या गोव्यात होते, तेव्हा त्या बसने जाऊन एका दिवसात परत निघाल्या होत्या. तासन्‌तास रांग आणि पेटीपुढे काही क्षण. "फादर, पाहिलं असं वाटलंच नाही," म्हणाल्या.

पुढच्या पावसाळ्यात, ऑगस्टच्या आरंभी, धाकट्या मुलाने त्यांना पुन्हा गोव्याला नेले. कोकण रेल्वे पावसाळी वेळापत्रकाने सावकाश चालली होती. बॉम जेझूच्या बासिलिकात सकाळी जेमतेम वीसेक माणसे होती. त्या अर्धा दिवस बाकावर बसून राहिल्या. त्याच मुक्कामात रायच्या मंदिरात कणसांचे फेस्त होते, नव्या भाताची कणसे आशीर्वादासाठी आणली होती. वाडीवालीला ते वेगळे समजावून सांगावे लागले नाही.

परत आल्यावर त्या रविवारी मिस्सानंतर भेटल्या. प्रवास कसा झाला, असे आम्ही विचारले. त्या म्हणाल्या, "सगळं छान. एक दिवस तेवढा सकाळचा चहा साडेनऊला मिळाला. चहा करणारी बाय मिस्साला गेली होती. मुलगा जरा कुरकुरला. मी म्हटलं, थांबू की, आपल्याला कुठे गाडी धरायची आहे?"