निदानातील चूक आणि हयगय

रोगाचे नाव एकदा कळले, की मागच्या साऱ्या खुणा आपोआप अर्थपूर्ण होतात, आणि ज्या वैद्याला त्या वेळेवर उमगल्या नाहीत तो कसूरदारच असला पाहिजे, असे रुग्णाच्या आप्तांना वाटू लागते. शोकाकुल माणसाने तसे मानावे हे स्वाभाविक आहे. परंतु न्यायासनाने तसे मानणे अन्यायाचे होईल, कारण हिवताप, विषमज्वर आणि साधा ताप हे पहिल्या दिवशी बहुधा एकाच रूपाने वैद्यापुढे येतात. म्हणूनच आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली जेकब मॅथ्यू खटल्यात, इंग्लंडातील १९५७ च्या बोलम निकालाचा आधार घेऊन, त्या व्यवसायातील साधारण कुशल माणसाने जे केले असते ते या वैद्याने केले की नाही, हा मापदंड स्वीकारला, आणि फौजदारी गुन्ह्यासाठी तर हयगय घोर स्वरूपाची असली पाहिजे असे ठरविले.

हा मापदंड मला मान्य आहे. मात्र तो लावावयाचा कशाला, याचा विचार पुरेसा होत नाही. माधवनिदानाच्या आरंभी रोगज्ञानाची जी पाच साधने सांगितली आहेत, त्यांत निदान, पूर्वरूप, रूप आणि संप्राप्ति यांच्याबरोबर उपशयाचीही गणना आहे: दिलेल्या औषधाने वा पथ्याने उतार पडतो की नाही, यावरूनही रोग ओळखावयाचा असतो. याचा अर्थ असा, की पहिल्या भेटीत दिलेले नाव हा अखेरचा निर्णय नव्हे. ते नाव चुकले तर वैद्य क्षम्य आहे. परंतु औषध लागू पडत नसताना, दुखणे वाढत असताना, ज्याने पुनर्विचार केला नाही, साधी रक्ततपासणी सांगितली नाही, अधिक जाणत्याकडे रुग्ण पाठविला नाही, त्याची चूक बुद्धीची नसून कर्तव्याची आहे. केसपेपरवरील तारीखवार नोंदी, आणि त्या नोंदींचा अभावही, याविषयी पक्षकारांच्या जबान्यांपेक्षा अधिक विश्वसनीय साक्ष देतात.

हयगय शाबीत झाली तरी न्याय मिळतोच असे नाही. इंग्लंडात १९९४ साली काखेतील गाठ दाखविण्यास आलेल्या एका रुग्णाला, ती चरबीची निरुपद्रवी गाठ आहे असे सांगून, डॉक्टरांनी रुग्णालयाकडे न पाठविता परत धाडले. ती गाठ लसिकाग्रंथींच्या कर्करोगाची निघाली. उपचारास सुमारे ९ महिने विलंब झाला, आणि दहा वर्षे रोगमुक्त जगण्याचा त्याचा संभव शेकडा ४२ वरून २५ वर आला. न पाठविणे ही हयगय होती, हे न्यायालयाला मान्य होते. तरीही २००५ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने तीन विरुद्ध दोन अशा मतांनी दावा फेटाळला, कारण वेळीच उपचार होऊनही तो बरा होण्यापेक्षा न होण्याचाच संभव मुळात अधिक होता.

ज्याच्या जगण्याची आशा प्रथमपासूनच निम्म्याहून कमी, त्याच्याविषयीच्या हयगयीला कायद्यात मोल नाही, असा या तर्काचा परिणाम होतो. अशाच रुग्णाला उरलेल्या आशेचा प्रत्येक अंश अमूल्य असतो, आणि तेवढ्यासाठीच तो वैद्याचे दार ठोठावतो. गमावलेली संधी हेही भरपाईस पात्र नुकसानच आहे. बहुमताविरुद्ध गेलेल्या त्या दोन न्यायाधीशांचा कौल मला न्याय्य वाटतो.